ऑगस्टची कौंटी एकदिवसीय स्पर्धा तरुण खेळाडूला नेमके काय देते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचा सतरा वर्षांचा मुलगा डावखुरा फिरकी गोलंदाज असून एका इंग्लिश कौंटीच्या, म्हणजे परगण्याच्या व्यावसायिक संघाच्या, अकादमीत आहे. येत्या ऑगस्टमध्ये मुख्य संघाच्या एकदिवसीय स्पर्धेसाठी त्याला बोलावणे येऊ शकते, असे त्याच्या प्रशिक्षकांनी सूचित केले आहे. मात्र तुमच्या ओळखीतले काही जाणकार सांगतात, की चांगले खेळाडू 'द हंड्रेड' या शंभर चेंडूंच्या स्पर्धेत गेल्यावर उरलेल्यांची ही स्पर्धा म्हणजे राखीव संघांचेच क्रिकेट आहे आणि त्यातून मुलाच्या पदरात फारसे काही पडणार नाही. त्यापेक्षा त्याने शाळेचा अखेरचा उन्हाळा क्लबकडून खेळण्यात आणि विद्यापीठाच्या तयारीत घालवावा का, असे तुम्ही विचारले आहे.

जाणकारांचे निम्मे म्हणणे खरे आहे. स्पर्धेचा दर्जा घसरला आहे, हे मान्य केल्याशिवाय पुढे बोलता येणार नाही. परंतु स्पर्धेचा दर्जा आणि त्या स्पर्धेतून सतरा वर्षांच्या मुलाला मिळणारा अनुभव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी स्वतः मुंबईत कांगा लीगच्या पावसाळी सामन्यांत गोलंदाजी शिकलो आणि गेली वीसहून अधिक वर्षे इंग्लंडमध्ये क्लबांच्या व कौंट्यांच्या वयोगट संघांसोबत काम करतो आहे. त्या आधारावर सांगतो, की बोलावणे आले तर मुलाने जावे. मात्र कशासाठी जायचे आणि परतल्यावर काय मोजायचे, हे आधी स्पष्ट असले पाहिजे.

ही परिस्थिती कशी निर्माण झाली, ते प्रथम पाहू. इंग्लंडमध्ये कौंट्यांची मर्यादित षटकांची स्पर्धा 1963 साली जिलेट कपने सुरू झाली. सध्याच्या पन्नास षटकांच्या स्पर्धेला 2014 मध्ये रॉयल लंडन वन-डे कप या नावाने आरंभ झाला आणि 2023 पासून तिला मेट्रो बँकेचे नाव लागले. लॉर्ड्सवरचा अंतिम सामना ही कौंटीच्या सामान्य प्रेक्षकाची वर्षातली मोठी सहल असे. तो मान 2019 मध्ये सॉमरसेट आणि हॅम्पशायर यांच्या सामन्याबरोबर संपला आणि त्यानंतरचे अंतिम सामने ट्रेंट ब्रिजला होऊ लागले. 2020 मध्ये साथीमुळे ही स्पर्धा झालीच नाही. 2021 मध्ये आठ संघांची 'द हंड्रेड' सुरू झाली आणि कौंट्यांची एकदिवसीय स्पर्धा त्याच आठवड्यांत तिच्या समांतर ठेवण्यात आली. त्यामुळे अठरा कौंट्यांतून ऐंशीहून अधिक खेळाडू ऐन हंगामात बाहेर जाऊ लागले. सरेसारख्या श्रीमंत कौंटीचे एकटीचेच दहाहून अधिक खेळाडू गेले, तरीही 2021 मध्ये सरे उपांत्य फेरीपर्यंत पोहोचली. हा तिच्या अकादमीच्या खोलीचा पुरावा मानावा लागतो.

रिकाम्या झालेल्या या जागा भरायच्या कोणी? करार संपत आलेले अनुभवी खेळाडू, 'हंड्रेड'मध्ये निवड न झालेले मधल्या फळीतले व्यावसायिक, परदेशातून महिनाभरासाठी आलेला एखादा पाहुणा आणि अकादमीतली मुले अशी मिसळ तयार झाली. 2021 ते 2025 या काळात नऊ-नऊ कौंट्यांचे दोन गट होते आणि प्रत्येक संघाला गटात आठ सामने मिळत. म्हणजे पूर्वी एखाद्या सतरा वर्षांच्या मुलाला हंगामात मुख्य संघाचा एखादा सामना मिळाला तर नशीब समजले जाई, तिथे आता चार-पाच आठवड्यांत आठ सामन्यांची शक्यता निर्माण झाली. हा बदल मुलांच्या भल्यासाठी कोणी आखलेला नव्हता. वेळापत्रकातल्या अडचणीतून तो घडला. तरीही मुलांना त्याचा लाभ झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आता तुमच्या मुलाकडे येऊ. तो राखीव संघाकडून पन्नास षटकांचे सामने खेळला असेल, क्लबकडून दर शनिवारी खेळत असेल. मग मुख्य संघात वेगळे काय असते? पहिला फरक असा, की त्याची गोलंदाजी आता अभ्यासली जाते. कौंट्या आपले सामने आंतरजालावर थेट दाखवतात आणि प्रतिस्पर्धी संघाचा विश्लेषक ते बारकाईने पाहतो. पहिल्या सामन्यात तुमच्या मुलाचा आत येणारा चेंडू कोणाला कळला नाही, तर तिसऱ्या सामन्यापर्यंत तो सर्वांना माहीत झालेला असतो. राखीव संघात मूळ हत्यारावर संपूर्ण उन्हाळा काढता येतो. इथे दहा दिवसांत दुसरे काही तरी करून दाखवावे लागते.

दुसरा आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा फरक म्हणजे अकराव्या ते चाळिसाव्या षटकांचा काळ. पहिल्या दहा षटकांत मैदानावर आखलेल्या तीस यार्डांच्या वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक असतात, अखेरच्या दहांत पाच असतात, आणि मधल्या तीस षटकांत चार. वीस षटकांच्या सामन्यात फिरकी गोलंदाजाची चार षटके असतात आणि 'हंड्रेड'मध्ये त्याला जास्तीत जास्त वीस चेंडू मिळतात. प्रत्येक चेंडूवर फलंदाज फटका मारणार हे तिथे गृहीत असते, त्यामुळे गोलंदाजाचा विचारही एका-एका चेंडूपुरता होतो. पन्नास षटकांच्या सामन्यात मात्र फलंदाज धोका न पत्करता षटकाला चार-पाच एकेरी धावा घेत राहतो. गोलंदाज वाईट टाकत नाही, कर्णधार रागावत नाही, बळीही मिळत नाही आणि पाहता पाहता एकशे वीस धावांची भागीदारी होते. या एकेरी धावा कशा आटवायच्या हे नेट्समध्ये शिकवता येत नाही. मिडविकेटचा क्षेत्ररक्षक तीन पावले आत आणावा की बाहेर न्यावा, फलंदाजाला ऑफच्या बाजूला रिकामी जागा दाखवून तिथे मारायला लावावे की ती बुजवावी, असे निर्णय त्याला षटक सुरू असतानाच घ्यावे लागतात.

माझ्या हाताखाली शिकलेल्या एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचा प्रसंग मला नेहमी आठवतो. मुख्य संघाकडून आपल्या दुसऱ्याच सामन्यात त्याने पहिली सहा षटके अतिशय काटेकोर टाकली. त्यानंतर कर्णधाराने त्याला थांबवले आणि अडतिसाव्या षटकात परत आणले. दोन्ही फलंदाज स्थिरावलेले, चेंडू जुना, हाताला घाम आणि मधल्या तासाभरात सीमारेषेवर धावून थकलेले पाय अशा अवस्थेत त्या मुलाने उरलेली चार षटके टाकली. पहिल्या सहा षटकांत दिल्या होत्या त्याच्या जवळपास दुप्पट धावा या चारांत गेल्या. संध्याकाळी वडिलांचा मला दूरध्वनी आला, आवाजात काळजी होती. मी त्यांना सांगितले, की त्याच्या आजवरच्या आयुष्यातली सर्वांत उपयुक्त चार षटके आज झाली. वयोगट क्रिकेटमध्ये चांगली सुरुवात झालेल्या फिरकी गोलंदाजाला सहसा सलग दहा षटके दिली जातात. पुन्हा आणलेला, थंडावलेला गोलंदाज पहिला चेंडू कुठे टाकतो, हे त्या मुलाला तोवर कळण्याची वेळच आली नव्हती. त्या रात्री त्याने स्वतःहून ठरवले, की पुन्हा गोलंदाजीला येण्याआधी दोन षटके सीमारेषेवर हात मोकळा करायचा आणि पहिला चेंडू सरळ, वेगात, यष्टीवर टाकायचा. साधी गोष्ट आहे. मी ती त्याला तीन वर्षे सांगत होतो.

फलंदाजांच्या बाबतीतही अनुभव येतो तो जबाबदारीच्या क्रमांकातून. टॉम प्रेस्टने 2022 च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या एकोणीस वर्षांखालील संघाचे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताविरुद्ध नेतृत्व केले आणि त्याच उन्हाळ्यात हॅम्पशायरकडून या स्पर्धेत 181 धावा केल्या. पूर्ण संघ उपलब्ध असता तर एकोणिसाव्या वर्षी त्याला वरच्या क्रमांकावर पन्नास षटके उभे राहण्याची मुभा मिळाली असती का, याविषयी मला शंका आहे. सहाव्या-सातव्या क्रमांकावर येऊन बारा चेंडूंत वीस धावा करणारा मुलगा हाणामारी शिकतो, डाव बांधणे शिकत नाही.

जबाबदारीच्या जोडीला दुसरी एक गोष्ट लागते, आणि ती नसेल तर नुसते सामने खेळून काही होत नाही. जवळ एखादा जाणता माणूस असावा लागतो. 2022 मध्ये ससेक्सचा नियमित कर्णधार टॉम हेन्स जायबंदी झाला आणि चेतेश्वर पुजाराकडे नेतृत्व आले. संघ जवळजवळ पोरसवदा होता. पांढऱ्या चेंडूच्या क्रिकेटमध्ये भारतात ज्याचा विचारही कोणी करत नव्हते, त्या पुजाराने नऊ सामन्यांत 624 धावा केल्या आणि होव्हला सरेविरुद्ध 174 धावा काढून ससेक्सचा विक्रम केला. तो विक्रम जेमतेम काही दिवस टिकला, कारण त्याच संघातल्या एकवीस वर्षांच्या अली ऑरने सॉमरसेटविरुद्ध 206 धावा ठोकल्या. मी याला योगायोग मानत नाही. पुजारा आधी शांतपणे शंभर चेंडूंचा पाया घालतो आणि मग एकेका गोलंदाजाला निवडून मारतो, हे ऑर आणि त्याचे सोबती दुसऱ्या टोकावरून आणि तंबूतून रोज पाहत होते. हा धडा फलकावर लिहून देता येत नाही. ससेक्स त्या वर्षी उपांत्य फेरीपर्यंत गेले.

त्याच वर्षी केंटने स्पर्धा जिंकली. उपांत्य सामन्यात सेहेचाळीस वर्षांच्या डॅरेन स्टीव्हन्सने नाबाद 84 धावा करून संघाला तारले आणि लँकेशायरविरुद्धच्या अंतिम सामन्यात वीस वर्षांच्या जोई एव्हिसनने 97 धावा करून दोन बळीही घेतले. एव्हिसन तेव्हा नॉटिंगहॅमशायरकडून केंटला तात्पुरता दिलेला खेळाडू होता. वयात सव्वीस वर्षांचे अंतर असलेले दोन अष्टपैलू एकाच संघात होते. कांगा लीगमध्ये आमच्या क्लबात हेच असे. एका टोकाकडून बँकेतून निवृत्तीला आलेले काका ओल्या खेळपट्टीवर टप्पा न सोडता गोलंदाजी करत आणि दुसऱ्या टोकाला आम्ही कोवळी पोरे चेंडू वळला की हरखून जात असू. काका षटकामागे एक वाक्य बोलत. त्या एका वाक्यासाठी आम्ही चर्चगेटहून भिजत येत होतो.

म्हणून तुमच्या मुलाच्या कौंटीने ऑगस्टसाठी कोणाकोणाला राखले आहे, हे अवश्य पाहा. आपल्याकडच्या खेळाडूंपैकी नागपूरचा उमेश यादव 2022 मध्ये मिडलसेक्सकडून सात एकदिवसीय सामने खेळला आणि त्याने सोळा बळी घेतले. अजिंक्य रहाणे 2024 मध्ये लेस्टरशायरकडून खेळला आणि तो संघ उपांत्य फेरीत पोहोचला. अशा माणसांच्या शेजारी कपडे बदलण्याच्या खोलीत चार आठवडे बसणे हा अनुभवाचाच भाग आहे. 1992 साली एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर यॉर्कशायरचा पहिला परदेशी खेळाडू म्हणून गेला, तेव्हा त्याच्या कौशल्याइतकीच त्याच्या सरावाच्या शिस्तीची कौंटीत चर्चा झाली असेल, अशी माझी समजूत आहे. अर्थात पाहुणा मोठा असला म्हणजे शिकवणी आपोआप होते असे नाही. पृथ्वी शॉने 9 ऑगस्ट 2023 रोजी नॉर्थॅम्प्टनशायरकडून सॉमरसेटविरुद्ध 153 चेंडूंत 244 धावा केल्या, त्यांत 28 चौकार आणि 11 षटकार होते. विरारच्या मुलाची ती खेळी पाहून आपल्या सर्वांची छाती फुगली. परंतु त्या दिवशी सर्वाधिक शिकले असतील ते समोरचे नवखे गोलंदाज, असे मला वाटते. चांगल्या चेंडूवर चौकार गेल्यावर पुढचा चेंडू कोणता टाकायचा, या प्रश्नाचा त्यांनी एका दुपारी जितका विचार केला असेल तितका एरवी दोन हंगामांत झाला नसता.

आता यशाच्या उदाहरणांकडे वळतो, पण जरा सावधपणे. रेहान अहमद 2021 मध्ये सोळाव्या वर्षी लेस्टरशायरकडून याच स्पर्धेत पहिला एकदिवसीय सामना खेळला. डिसेंबर 2022 मध्ये कराचीत त्याने अठराव्या वर्षी कसोटी पदार्पण केले आणि दुसऱ्या डावात 48 धावांत पाच बळी घेतले. जेकब बेथेल त्याच 2021 च्या स्पर्धेत सतराव्या वर्षी वॉरिकशायरकडून उतरला आणि पुढे इंग्लंडचा खेळाडू झाला. ही नावे स्पर्धेच्या समर्थनार्थ नेहमी पुढे केली जातात. माझे मत असे, की ही मुले कोणत्याही व्यवस्थेतून वर आलीच असती. स्पर्धेने त्यांना दार एक-दोन वर्षे लवकर उघडून दिले, एवढेच श्रेय तिला देता येईल.

मला त्यांच्यापेक्षा जॉश हलचे उदाहरण अधिक बोलके वाटते. सप्टेंबर 2023 मधल्या अंतिम सामन्यात लेस्टरशायरची अवस्था 6 बाद 89 अशी झाली होती. हॅरी स्विंडेल्सने नाबाद 117 धावा करून आणि सॅम एव्हान्सने त्याला साथ देऊन संघाला 267 पर्यंत नेले. हॅम्पशायरला अखेरच्या षटकात आठ धावा हव्या होत्या. चेंडू एकोणीस वर्षांच्या, उंचपुऱ्या, डावखुऱ्या हलच्या हाती देण्यात आला आणि लेस्टरशायरने दोन धावांनी सामना जिंकला. त्या कौंटीला पन्नास-पंचावन्न षटकांच्या प्रकारात 1985 नंतर प्रथमच करंडक मिळाला. पूर्ण ताकदीच्या स्पर्धेत ते षटक बहुधा एखाद्या तिशीतल्या गोलंदाजाने टाकले असते. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 2024 मध्ये, ओव्हलवर श्रीलंकेविरुद्ध हलने कसोटी पदार्पण केले. त्याचे प्रथम श्रेणीचे आकडे तेव्हा सामान्य होते. उंची, डावा हात आणि दडपणाखाली न डगमगणे या गोष्टी पाहून निवड झाली, असे म्हणायला वाव आहे. ती निवड घाईची होती की नाही, यावर मतभेद असू शकतात. माझा कल घाईची होती याकडे आहे.

इथे या व्यवस्थेतली खरी गफलत दिसते. जो मुलगा या स्पर्धेत चमकतो, त्याला पुढच्या वर्षी 'हंड्रेड'चा करार मिळतो आणि मग तो पन्नास षटकांचे क्रिकेट खेळेनासा होतो. हॅरी ब्रूक जानेवारी 2023 मध्ये इंग्लंडकडून पहिला एकदिवसीय सामना खेळला, तेव्हा त्याने कौंटीचा एकदिवसीय सामना शेवटचा 2019 मध्ये खेळला होता. याउलट जुलै 2021 मध्ये साथीमुळे इंग्लंडला पाकिस्तानविरुद्ध ऐन वेळी पूर्ण संघ बदलावा लागला. बेन स्टोक्सच्या नेतृत्वाखाली कौंटीतून गोळा केलेल्या त्या संघाने मालिका 3-0 जिंकली. ते खेळाडू जुन्या, समांतर स्पर्धा नसलेल्या काळात पन्नास षटकांचे क्रिकेट खेळून तयार झालेले होते. 2023 च्या भारतातल्या विश्वचषकात इंग्लंडने नऊपैकी सहा सामने गमावले. या पराभवाचा सगळा दोष वेळापत्रकावर टाकणे अन्यायाचे होईल, कारण संघातले बरेच खेळाडू वयाने उतरणीला लागले होते. परंतु मधली षटके खेळण्याची सवय मोडली होती, हे दिसत होते. तुमच्या मुलापुरते बोलायचे तर ही चिंता त्याची नाही. मात्र त्याला मिळणारी पन्नास षटकांची शाळा कदाचित एक-दोन उन्हाळ्यांचीच असेल, हे ध्यानात ठेवून तिचा उपयोग करावा.

जाणकारांच्या निम्म्या खऱ्या म्हणण्याचा दुसरा अर्थ असा, की या स्पर्धेतल्या आकड्यांवर फार विसंबू नये. सामने अनेकदा मुख्य मैदान सोडून बाहेर होतात. सरे गिल्डफर्डला जाते, मिडलसेक्स रॅडलेटला, केंट बेकनहॅमला, यॉर्कशायर यॉर्क आणि स्कारबरोला, लँकेशायर ब्लॅकपूलला. या मैदानांवर कुठे सीमारेषा आखूड असते, कुठे समुद्राकडून येणारा वारा एका टोकाने गोलंदाजी अशक्य करून सोडतो. फिरकी गोलंदाजाने वाऱ्याविरुद्ध टाकायला शिकावे असे आपण म्हणतो, पण त्यासाठी वारा लागतो, आणि तो इथे फुकट मिळतो. ऑगस्टमध्ये खेळपट्ट्या वापरून कोरड्या झालेल्या असतात, म्हणजे चेंडू थोडा थांबून येतो आणि वळतो. ही तुमच्या मुलाच्या सोयीची गोष्ट आहे. मात्र सरळ सीमारेषा साठ पावलांवर असेल तर चांगला फसवलेला फलंदाजही षटकार मारून जातो. दोन्ही गोष्टी त्याच्या आकड्यांत मिसळलेल्या असतात आणि त्या वेगळ्या करता येत नाहीत. निवड करणाऱ्यांनाही हे ठाऊक असते.

अशा मैदानांवरचे प्रेक्षक हाही अनुभवाचा एक भाग आहे. दोरीला लागून खुर्च्या टाकून बसलेली, थर्मासमधला चहा पिणारी निवृत्त मंडळी सीमारेषेवरच्या मुलाशी षटकाषटकाला बोलतात. त्यांतले काही त्याच्या जन्माआधीपासून तिथे येत असतात. सुटलेल्या झेलाबद्दल ते बोलतात आणि पुढच्या षटकात अडवलेल्या चौकाराबद्दल टाळ्याही देतात. मोठ्या स्टेडियममधल्या गोंगाटापेक्षा हे ऐकून घेणे कठीण असते, कारण शब्द स्पष्ट कानी येतात.

धोक्यांबद्दल बोलायचे तर शरीराचा धोका वेगवान गोलंदाजांच्या मानाने त्याला कमी आहे. सतरा-अठरा वर्षांच्या वेगवान गोलंदाजाच्या पाठीची जी काळजी घ्यावी लागते, ती फिरकी गोलंदाजाला तेवढी लागत नाही. तरीही दोन-तीन दिवसांआड सामना, मध्ये बसचा लांबचा प्रवास आणि हॉटेलातली रात्र यांनी मुले दमतात. खरा धोका वेगळा आहे आणि पालकांना तो सहसा दिसत नाही. मुलगा संघात निवडला जातो, पण अकरांत नसतो. आमच्याकडच्या एका गुणी मुलाला एका कौंटीने संपूर्ण गटसाखळीत बारावा खेळाडू म्हणून फिरवले. त्याने पाणी नेले, हातमोजे नेले, अर्धा-अर्धा तास क्षेत्ररक्षण केले आणि महिनाभरात सामन्यात एकही चेंडू टाकला नाही. क्लबचे चार शनिवार बुडाले ते निराळेच. सप्टेंबरमध्ये तो परत आला तेव्हा त्याचा टप्पा हरवलेला होता. घरच्यांना अभिमान वाटत होता आणि मुलाला सांगता येत नव्हते.

म्हणून बोलावणे आल्यावर एक गोष्ट नम्रपणे पण स्पष्टपणे विचारून घ्या: अकरांत नसलेल्या दिवशी त्याला क्लबकडून किंवा राखीव संघाकडून खेळायला सोडणार का? चांगल्या कौंट्या हो म्हणतात आणि पाळतातही. हा प्रश्न मुलाने अकादमीच्या प्रमुखांना स्वतः विचारावा, तुम्ही दूरध्वनी करू नये. इथल्या व्यवस्थेत सतरा वर्षांच्या मुलाने आपले बोलणे आपण करावे अशी अपेक्षा असते, आणि पालकांनी पुढे होऊन बोललेले फारसे रुचत नाही. आपल्याकडे वडीलधाऱ्यांनी शब्द टाकणे स्वाभाविक मानले जाते, त्यामुळे मराठी घरांत हे थोडे अवघड जाते, याची मला कल्पना आहे.

अभ्यासाचा मुद्दा तुम्ही काढलात ते योग्यच आहे. त्याची ए-लेव्हल, म्हणजे शाळेची अखेरची, परीक्षा पुढच्या वर्षी आहे, म्हणजे हा ऑगस्ट तुलनेने मोकळा आहे. पुढच्या ऑगस्टमध्ये मात्र परीक्षेचे निकाल स्पर्धा सुरू असतानाच लागतील. बसमध्ये भ्रमणध्वनीवर निकाल पाहून तासाभराने गोलंदाजीचे माप घेणारी मुले मी पाहिली आहेत. तेव्हा पहिला अनुभव यंदाच घेतलेला बरा. विद्यापीठ आणि क्रिकेट यांची सांगड इथे घालता येते. डरहॅम, लफबरो, कार्डिफ अशा ठिकाणी शिकत शिकत कौंटीत पोहोचलेल्यांची परंपरा मोठी आहे. ऑगस्टमधल्या चार सामन्यांमुळे पदवी बुडत नाही.

बोलावणे आलेच नाही तर? तेही अंतिम नाही. कौंटीच्या अकादमीतून वगळलेल्या दक्षिण आशियाई वंशाच्या मुलांसाठी 'साउथ एशियन क्रिकेट अकादमी' हा उपक्रम उभा राहिला आणि त्यातून कौंटीचा करार मिळवणारा पहिला खेळाडू काशिफ अली 2022 मध्ये वुस्टरशायरकडे गेला. पूर्वी मायनर कौंटीज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि आता नॅशनल कौंटीज म्हटल्या जाणाऱ्या संघांचे या स्पर्धेआधी मोठ्या कौंट्यांशी सामने ठेवले जातात. तिथे चांगली दहा षटके टाकणाऱ्यावर लोकांची नजर जाते. वाट लांब असली तरी बंद नाही.

परतल्यावर काय मोजायचे, एवढेच उरले. बळींची संख्या आणि सरासरी मी पहिल्या हंगामात पाहत नाही. मुलाला एक वही करायला सांगा आणि प्रत्येक सामन्याच्या रात्री त्याने चारच नोंदी कराव्यात: कोणत्या षटकांत गोलंदाजी मिळाली, दुसऱ्यांदा आणल्यावर पहिले सहा चेंडू कुठे पडले, एकेरी धावा कोणत्या बाजूला गेल्या आणि संघातल्या जुन्या खेळाडूने त्याला काय सांगितले. चौथा रकाना महिनाभर कोरा राहिला, तर पुढच्या वर्षी त्याच कौंटीत राहावे का, याचा विचार करायला जागा आहे. तो भरलेला असेल आणि आकडे वाईट असतील, तर काळजीचे कारण नाही. ती वही ऑक्टोबरमध्ये मला जरूर पाठवा. आणि पहिल्या सामन्याच्या सकाळी त्याने कर्णधाराला एवढेच विचारावे, की पंचविसाव्या षटकानंतर मला आणलेत तर धावा रोखायच्या आहेत की बळी हवा आहे. दोन्हींसाठी क्षेत्ररचना वेगळी लागते, आणि ती कशी हवी हे त्याने आदल्या रात्रीच वहीत काढून ठेवलेले असावे.